बॉल पायथनसाठी पेटी कशी निवडावी: नव्याने पाळणाऱ्यांसाठी

बॉल पायथन पाळायचा ठरलं की बहुतेक जण आधी साप पसंत करतात आणि पेटीचं मागाहून बघतात. हा क्रम उलटा करा. पेटी आधी घ्या, ती जागेवर मांडा, हीटर सुरू करून आठवडा-दोन आठवडे रिकामीच चालवा आणि तापमान-आर्द्रतेचे आकडे ठरल्या जागी थांबले की मगच सापाला आणा. उंदीर खायला घालणं, हाताळणं, कात टाकताना लक्ष ठेवणं हे सगळं पुढे सवयीने जमतं. पण चुकीच्या पेटीत ठेवलेला साप पहिल्या महिन्यातच खाणं सोडतो आणि मग घरच्यांना वाटतं की सापच आजारी मिळाला.

निर्णय घाईत घेऊ नये याला आणखी एक कारण आहे. नीट सांभाळलेला बॉल पायथन २० ते ३० वर्षं सहज जगतो. अमेरिकेतल्या सेंट लुइस प्राणिसंग्रहालयातल्या एका मादीने २०२० मध्ये अंडी घातली, तेव्हा तिचं वय साठीच्या पुढे असल्याचं तिथल्या लोकांनी सांगितलं होतं. एवढ्या काळात या प्राण्याला ऊन लागलं तर तो सावलीला दुसरीकडे जाऊ शकत नाही, हवा कोरडी झाली तर दमट बिळात शिरू शकत नाही. जे काही मिळायचं ते त्या पेटीतच.

साप घेण्याआधी तुमच्या भागात तो पाळायला परवानगी आहे का आणि कुठली कागदपत्रं लागतात हेही बघून घ्या. ही जात साइट्स या, वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या परिशिष्ट २ मध्ये आहे, त्यामुळे देशाबाहेरून येणाऱ्या सापाला कागदपत्रं लागतातच. देशोदेशीचे कायदे निराळे आहेत आणि ते पेटीवर खर्च करण्याआधी माहीत असलेले बरे.

आधी साप कसा राहतो ते समजून घ्या

बॉल पायथन पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला. सेनेगलपासून सुदान-युगांडापर्यंत गवताळ माळ, विरळ जंगल, शेतं अशा ठिकाणी तो सापडतो. दिवसाचा बराच वेळ तो उंदरांच्या जुन्या बिळात नाहीतर वारुळात घालवतो आणि अंधार पडू लागला की बाहेर पडतो. बिळात काय असतं? अंधार, चारी बाजूंनी अंगाला टेकणारी माती, आणि बाहेरच्यापेक्षा दमट, फारशी न बदलणारी हवा. घाबरला की हा साप डोकं मध्ये घेऊन स्वतःचा गोळा करतो. नावातला ‘बॉल’ तिथूनच आला. म्हणजे याचा स्वभावच लपून सुरक्षित राहण्याचा आहे.

त्याच वेळी, हा फक्त जमिनीवर पडून राहणारा साप आहे असंही समजू नका. रात्री तो बराच फिरतो, झुडपांवर आणि फांद्यांवर चढतो. रानात नर मादीपेक्षा जास्त झाडावर दिसतात आणि त्यांच्या खाण्यात पक्षीही जास्त असतात.

यातून पेटीकडून काय हवं ते आपोआप ठरतं: एक टोक गरम आणि दुसरं थंड ठेवता आलं पाहिजे, दमटपणा टिकला पाहिजे, लपायला भरपूर जागा मावली पाहिजे आणि साप बाहेर पडता कामा नये. पेटी बाहेरून कशी दिसते हे या सगळ्यानंतर.

पायरी १: माप

पूर्ण वाढलेला नर साधारण ९० ते ११० सेंटीमीटर भरतो. मादी मोठी, १२० ते १५० सेंटीमीटर, क्वचित त्याहूनही लांब. मोठ्या सापासाठी १२० सेंटीमीटर लांब, ६० खोल आणि ६० उंच ही पेटी आज किमान मानली जाते. मादी १२० च्या पुढे गेली तर तेवढीच लांब पेटी देता आली तर उत्तम. ‘साप गोल होऊनच बसतो, त्याला एवढी जागा कशाला’ हे तुम्हाला पुष्कळ जण सांगतील. रात्री दिवे घालवून बघा. अंग सरळ करता येईल एवढी जागा असेल तर साप ते करतो. जागा नसेल तर तो करू शकत नाही, एवढाच फरक.

लांबीला महत्त्व देण्याचं आणखी एक कारण तापमानात आहे. गरम टोक आणि थंड टोक यांत सात-आठ अंशांचा फरक ठेवायचा असतो. ६० सेंटीमीटर लांबीच्या पेटीत हीटर लावला की थोड्याच वेळात सगळी पेटी सारखीच गरम होते आणि सापाला निवड उरत नाही. १२० सेंटीमीटरमध्ये हा फरक विनासायास टिकतो.

माप नेहमी आतलं घ्या. जाहिरातीत बाहेरचं माप दिलेलं असतं. ६० सेंटीमीटर उंचीच्या पेटीत खाली आठ-दहा सेंटीमीटर मातीचा थर येतो, वर दिव्याची जाळी आणखी पंधरा-वीस सेंटीमीटर खाते. उरतात जेमतेम ३०-३५ सेंटीमीटर. ४५ सेंटीमीटर उंचीच्या पेटीत फांदी लावायला काय राहील याचा हिशेब तुम्हीच करा.

पिल्लाचं काय? अंड्यातून बाहेर पडलेलं पिल्लू जेमतेम २५ ते ४० सेंटीमीटरचं असतं. पिल्लाला मोठ्या पेटीत ठेवलं तर ते घाबरून खात नाही, असा सल्ला वर्षानुवर्षं दिला जातो. माझं मत असं की पिल्लू मोठ्या जागेला घाबरत नाही, उघड्या जागेला घाबरतं. मोठी पेटी पालापाचोळा, सालींचे तुकडे, नळ्या आणि लपणांनी गच्च भरलेली असेल तर पिल्लू तिथेही खातं. तरीसुद्धा अगदी पहिल्यांदाच साप पाळत असाल तर पहिलं वर्ष ६० ते ९० सेंटीमीटरच्या पेटीत काढायला हरकत नाही. लहान पिल्लू तिथे पटकन सापडतं, विष्ठा दिसते, खाल्लं की नाही ते कळतं. फक्त मोठी पेटी पुढे नक्की घ्यावी लागणार हे धरून चाला.

पायरी २: पेटी कशाची?

काचेची पेटी सहज मिळते आणि दिसायला छान. तिचा मुख्य दोष झाकणात असतो. बहुतेक काचपेट्यांवर पूर्ण जाळीचं झाकण येतं आणि त्यातून गरम दमट हवा सरळ वर निघून जाते. सकाळी पाणी घालावं आणि संध्याकाळी आर्द्रता चाळीस टक्क्यांच्या घरात यावी, असं चालतं. उपाय आहे: दिव्याची जागा सोडून जाळीचा साधारण तीन चतुर्थांश भाग बाहेरून झाकायचा. अ‍ॅल्युमिनियम फॉइल टेप किंवा कापून घेतलेली पीव्हीसीची शीट चालते. दिव्याजवळ प्लॅस्टिक नको, ते वाकतं. आणि एक गोष्ट कायमची लक्षात ठेवा: पेटीच्या आत कुठलीही चिकटपट्टी लावायची नाही. थर्मामीटरची वायर बसवायला लावलेली टेप दमटपणाने सुटते, साप तिच्यावरून जाताना चिकटतो, आणि ओढून काढताना खवल्यांसकट कातडी निघते. वायर बसवायला झिप टाय किंवा सिलिकॉन वापरा.

काचेतून तिन्ही-चारी बाजूंनी आरपार दिसतं, हेही या सापाला मानवत नाही. मागची आणि दोन्ही बाजूंच्या काचा बाहेरून गडद कागदाने झाका. लगेच फरक पडतो.

पीव्हीसीची पेटी ही माझी पहिली पसंती. तीन बाजू बंद, दार पुढून, वजनाला हलकी, पाण्याने फुगत नाही आणि उष्णता-दमटपणा दोन्ही धरून ठेवते. पण सगळ्या सारख्या नसतात. घेण्याआधी पीव्हीसीच्या शीटची जाडी विचारा. फार पातळ असेल तर १२० सेंटीमीटरच्या लांबीत छत मधून खाली झुकतं, त्यातून तुम्ही वर दुसरी पेटी ठेवणार असाल तर जास्तच. दाराखालची पुढची पट्टी किती उंच आहे ते बघा. ती तीन-चार सेंटीमीटरच असेल तर मातीचा जाड थर घालता येणार नाही, दार उघडलं की सगळं बाहेर येईल आणि सरकत्या दाराच्या खाचेत माती अडकेल. आठ-दहा सेंटीमीटर पट्टी असलेली पेटी मिळाली तर तीच घ्या. सुटे भाग जोडून बनवायची पेटी असेल तर आतले सांधे सिलिकॉनने भरावे लागतील.

लाकडी पेटी घरी करता येते आणि उष्णता उत्तम धरते. पाणी मात्र तिचा शत्रू. आतल्या सगळ्या बाजूंना, आणि विशेषतः प्लायच्या कापलेल्या कडांना, पाण्यावर आधारित पॉलियुरेथेनचे तीन-चार हात द्यावे लागतात आणि सांध्यांत बुरशीनाशक न मिसळलेलं, मत्स्यालयाचं सिलिकॉन भरावं लागतं. मग पेटी उघडी ठेवून वास पूर्ण जाईपर्यंत थांबायचं. याला आठवडाभर किंवा जास्तही लागतो. नाक आत घालून वास येत असेल तर अजून झालेलं नाही. देवदार किंवा सुगंधी तेल सुटणारं कुठलंही लाकूड वापरू नका, त्यातली तेलं सापांना बाधतात.

प्लॅस्टिकचे झाकणवाले डबे दमटपणा छान धरतात आणि धुवायला सोपे. विलगीकरणासाठी, आजारी सापासाठी, फार लहान पिल्लासाठी ते उपयोगी आहेत. आयुष्यभराचं घर म्हणून ते मला पटत नाहीत. उंची नाही, प्रकाश नाही, फिरायला जागा नाही. साप तिथे जगतो आणि खातोही, पण आपण त्याला एवढ्यासाठीच पाळत नाही.

तारेचे पिंजरे विचारातच घेऊ नका. उष्णता टिकत नाही, दमटपणा टिकत नाही आणि साप तारांवर नाक घासून घासून जखम करून घेतो.

पायरी ३: दार, कडी आणि फटी

पुढून उघडणारं दार घ्या. सापाला रानात धोका बहुधा वरून येतो, आणि वरून खाली येणारा हात त्याला शिकारी पक्ष्यासारखाच वाटतो. समोरून, खालच्या पातळीवर आलेला हात तो लवकर ओळखायला लागतो. वरून उघडणारी पेटी आधीच असेल तर चालवून घेता येतं, पण नवी घेताना पुढचं दार बघूनच घ्या. शिवाय छतावर दिवा असताना वरचं झाकण उघडायला रोज दिवा उचलावा लागतो, ही कटकट वेगळी.

आता पळून जाण्याबद्दल. हा साप शांत असला तरी त्याच्या अंगात ताकद पुष्कळ असते, आणि रात्रभर तो एकच कोपरा नाकाने ढकलत राहू शकतो. जिथून डोकं शिरतं तिथून बाकीचं अंगही बहुतेक जातं. म्हणून पेटी घेताना हे करून बघा: दोन सरकत्या काचा बंद करा आणि मध्ये जिथे त्या एकमेकींवर येतात तिथे बोटाने आत दाबा. काच लवचीक असेल तर तिथली फट वाढते. त्या फटीत पेन्सिल शिरली तर ती पेटी पिल्लासाठी नाही. फटीत पारदर्शक सिलिकॉनची किंवा ब्रशची पट्टी बसवता येते. मग काचेला कुलूप लावा. नुसती ओढून बंद केलेली काच साप अंगाच्या घर्षणाने सरकवू शकतो.

वायरींसाठी केलेलं भोक सगळे विसरतात. त्यातून एक पातळ वायर जाते आणि बाजूला अंगठ्याएवढी मोकळी जागा राहते. रबरी ग्रोमेट (भोकात बसणारी कडी) बसवा किंवा आतून जाळी लावा. जाळीचं झाकण असेल तर नुसतं वजन ठेवून भागत नाही, चारी बाजूंना क्लिप हव्यात. घरात लहान मुलं असतील तर किल्लीचं कुलूप लावाच.

पायरी ४: हवा

दमटपणा धरायचा म्हणजे पेटी हवाबंद करायची असं नाही. कोंदट, ओल्या हवेत बुरशी येते, पोटाखालचे खवले खराब होतात आणि श्वसनाचे आजार होतात. हवेची छिद्रं एका बाजूला खाली आणि समोरच्या बाजूला वर असतील तर हवा आपोआप फिरते. पाणी घातल्यानंतर सकाळी काचेच्या खालच्या कोपऱ्यात थोडं बाष्प दिसणं आणि दुपारपर्यंत नाहीसं होणं, हे बरोबर चाललं असल्याचं लक्षण. दिवसभर काच ओली राहत असेल तर छिद्रं वाढवा. तासाभरात सगळं कोरडं होत असेल तर काही झाका.

पायरी ५: उष्णता, आणि पेटीशी तिचं जुळणं

हे आकडे लिहून पेटीवरच चिकटवा. गरम टोकाला ज्या जागी साप अंग शेकणार तिथला पृष्ठभाग ३२ ते ३५ अंश सेल्सियस. त्या बाजूची हवा २९ ते ३१. थंड टोक २४ ते २७. रात्री थोडं उतरलेलं चालतं, पण २२ च्या खाली जाऊ देऊ नका. आर्द्रता ६० ते ८० टक्के.

आता उष्णता कशाने द्यायची ते पेटीवर अवलंबून आहे, म्हणून पेटी आणि हीटर एकत्रच ठरवा. जाळीचं झाकण असलेल्या काचपेटीला वरून हॅलोजन दिवा चांगला. तो उन्हासारखी वरून, अंगात खोल जाणारी उष्णता देतो. रात्री प्रकाश नको, म्हणून रात्रीसाठी सिरॅमिक हीट एमिटर किंवा डीप हीट प्रोजेक्टर. बंद छताच्या पीव्हीसी पेटीत रेडियंट हीट पॅनल छताला बसतं. ते चपटं असतं, उंची खात नाही आणि प्रकाश देत नाही. पेटीच्या आत दिवा लावणार असाल तर त्याला चारी बाजूंनी जाळीचा पिंजरा हवाच. साप गरम बल्बला वेटोळं घालतो आणि भाजलं तरी लवकर बाजूला होत नाही.

हीट मॅट स्वस्त आणि लोकप्रिय आहे, पण ती फक्त जमीन गरम करते, हवा नाही. त्यातून मातीचा जाड थर घातला की उष्णता खालीच कोंडते. वर हात ठेवला तर कोमट लागतं, आणि माती उकरून काचेपर्यंत गेलेल्या सापाचं पोट भाजतं. मॅट वापरायचीच तर थर पातळ ठेवा आणि थर्मोस्टॅटचा (तापमान ठरल्या आकड्यावर ठेवणाऱ्या यंत्राचा) प्रोब, म्हणजे तापमान मोजणारं टोक, बरोबर मॅटच्या वर, काचेला लागून बसवा. विजेवर तापणारे दगड मिळतात, ते घेऊ नका.

उष्णतेचं कुठलंही साधन थर्मोस्टॅटशिवाय लावायचं नाही. यात तडजोड नाही. थर्मोस्टॅटचे तीन प्रकार असतात. ऑन-ऑफ (नुसता चालू-बंद करणारा) प्रकार मॅटला पुरतो. प्रकाश न देणाऱ्या सिरॅमिक एमिटर आणि पॅनलला पल्स (वीज थांबून-थांबून देणाऱ्या) प्रकारचा चांगला. हॅलोजनला डिमिंग (वीज हळूहळू कमी-जास्त करणाऱ्या) प्रकारचाच लागतो, नाहीतर दिवा सारखा लुकलुकतो आणि लवकर जातो. थर्मोस्टॅटचा प्रोब साप हलवू शकणार नाही असा घट्ट बांधा. प्रोब पाण्याच्या भांड्यात पडला किंवा थंड कोपऱ्यात गेला तर थर्मोस्टॅटला पेटी थंडच वाटत राहते आणि हीटर तापतच राहतो. म्हणून प्रोब ठीक जागी आहे का, हे रोज पाणी बदलताना एकदा नजरेखालून घाला.

मोजायला दोन डिजिटल थर्मामीटर-हायग्रोमीटर (तापमान आणि आर्द्रता दोन्ही दाखवणारे) घ्या, एक गरम टोकाला, एक थंड टोकाला, दोन्ही सापाच्या उंचीवर म्हणजे मातीपासून चार-पाच सेंटीमीटरवर. काचेला चिकटवायच्या काट्याच्या गोल तबकड्या बऱ्याचदा चुकीचं दाखवतात. पृष्ठभागासाठी इन्फ्रारेड थर्मामीटर फार उपयोगी, एक घेऊन ठेवाच.

पायरी ६: आत काय ठेवायचं

निदान दोन लपणं, एक गरम टोकाला आणि एक थंड टोकाला. दोन्ही शक्यतो सारखीच, म्हणजे सापाला ‘सुरक्षित की उबदार’ असं निवडावं लागत नाही. लपण प्रशस्त नको. साप आत गोळा होऊन बसला की त्याच्या पाठीला छत आणि कडांना भिंती टेकल्या पाहिजेत, तोंड एकच आणि लहान. बाजारातली अर्धगोल, दोन्हीकडून उघडी लाकडं दिसायला सुंदर, पण लपण म्हणून ती कामाची नाहीत. त्यांचा उपयोग आडोशासाठी करा. आणि आडोसा भरपूर करा: कॉर्कच्या साली, प्लॅस्टिकची पानं, नळ्या, सुकी पानं. गरम टोकापासून थंड टोकापर्यंत साप उघड्यावर न येता जाऊ शकला की पेटी नीट भरली असं समजा.

एक-दोन जाड फांद्या किंवा फळी आडवी बसवा. वजनदार दगड-लाकूड मातीवर ठेवू नका, पेटीच्या तळावर टेकवून मग भोवती माती भरा. साप खाली उकरतो आणि दगड त्याच्या अंगावर येऊ शकतो.

पाण्याचं भांडं जड, सहज न उलटणारं, थंड बाजूला.

थरासाठी नारळाच्या सालीचे तुकडे, कोकोपीट, सायप्रसचा भुसा, किंवा खत-औषध नसलेली माती आणि कोकोपीट यांचं मिश्रण. जाडी आठ-दहा सेंटीमीटर. अ‍ॅस्पेनचा भुसा कोरड्या जागच्या सापांना ठीक, इथे तो बुरसतो. दमटपणासाठी दिवसातून चार वेळा फवारा मारण्यापेक्षा आठवड्यातून एक-दोनदा कोपऱ्यांत पाणी ओता. पाणी तळाशी पसरतं, वरचा थर कोरडा राहतो आणि खालून सावकाश बाष्प येत राहतं. मूठभर माती दाबून बघा: गोळा व्हावा, पण बोटांतून पाणी गळू नये.

दिवसा बारा तास प्रकाश, रात्री पूर्ण अंधार. लाल-निळे ‘रात्रीचे’ दिवे नकोत. कमी तीव्रतेची यूव्हीबी (उन्हातल्यासारखे अतिनील किरण देणारी) नळी लावली तर चांगलंच, तिच्यापासून लपायला सावली मात्र भरपूर हवी.

पायरी ७: पेटी ठेवायची कुठे

खिडकीतून थेट ऊन येतं तिथे नाही. काचेची पेटी उन्हात अर्ध्या तासात जीवघेणी तापते आणि थर्मोस्टॅट हीटर बंद करू शकतो, सूर्य नाही. एसीच्या झोताखाली, बाहेरच्या दाराजवळ, मोठ्या स्पीकरशेजारीही नको, सापाला जमिनीतून येणारा कंप जाणवतो. कमरेएवढ्या उंचीवर ठेवली तर चांगलं. खालचं टेबल मजबूत हवं. १२० सेंटीमीटरची काचेची पेटी माती-लाकूड-पाण्यासकट दोघांनाही उचलायला जड होते. विजेच्या वायरी सॉकेटपेक्षा खाली झोळ देऊन वर न्या, म्हणजे वायरीवरून ओघळलेलं पाणी सॉकेटमध्ये न जाता झोळातून खाली पडेल.

पायरी ८: रिकामी चालवून बघणं

मांडामांड झाली की सगळं सुरू करा आणि वहीत नोंद ठेवा. सकाळी, भर दुपारी, रात्री झोपताना, आणि जमलं तर पहाटे. घरातलं तापमान पहाटे सगळ्यात खाली जातं आणि पेटीचा खरा कस तेव्हाच लागतो. इन्फ्रारेड थर्मामीटर गरम टोकाच्या प्रत्येक फळीवर, फांदीवर, लपणाच्या छतावर धरा. मातीवर ३३ अंश असताना दिव्याच्या जवळच्या फांदीवर ४५ निघू शकतात, आणि साप तिथेच चढणार. अशी फांदी खाली घ्या.

आर्द्रता ६० च्या खाली घसरत असेल तर थर वाढवा, झाकण आणखी झाका. ८० च्या वर चिकटून राहत असेल तर हवा वाढवा. थंड टोक २८ च्या वर जात असेल तर हीटर पेटीच्या मानाने मोठा आहे किंवा पेटी हीटरच्या मानाने लहान. सलग पाच-सहा दिवस काहीही न हलवता आकडे जागेवर राहिले की साप आणायला हरकत नाही.

वापरलेली पेटी घेतली असेल तर त्याआधी एक काम आहे. साबणाने धुवा, सरपटणाऱ्या प्राण्यांना चालणारं जंतुनाशक, जसं क्लोरहेक्सिडीन, लावा, पुन्हा धुवा आणि पूर्ण वाळवा. फिनाइल वापरू नका. जुन्या लाकडी पेटीच्या सांध्यांत सापांचे माइट्स (रक्त पिणारे बारीक किडे) राहतात आणि ते काढणं अतिशय कठीण, म्हणून वापरलेली लाकडी पेटी मी घेऊ नका असंच सांगेन.

एका पेटीत एकच

दोन बॉल पायथन कधीही एकत्र ठेवू नका. ते एकमेकांवर पडून असतात तेव्हा ते प्रेम नसतं, चांगल्या जागेसाठी चाललेली चढाओढ असते. ती भांडणासारखी दिसत नाही, म्हणून लोक फसतात. दुर्बल साप हळूहळू खाणं सोडतो, आणि कोण आजारी, विष्ठा कोणाची, हेही कळत नाही.

घरात आधीपासून दुसरा साप असेल तर नव्याला निदान दोन-तीन महिने वेगळ्या खोलीत, साध्या पेटीत ठेवा. खाली पांढरा टिश्यू पेपर, दोन लपणं, पाणी. पांढऱ्या कागदावर माइट्सचे काळे ठिपके लगेच दिसतात. हा पहिलाच साप असेल तरी पहिले काही आठवडे कागदावर काढले तर विष्ठा आणि माइट्स दोन्हींवर लक्ष राहतं. कागदावर दमटपणा टिकत नाही, म्हणून एका लपणात ओलसर मॉस (शेवाळ) ठेवायला विसरू नका.

साप आल्यावर

पहिले पाच-सात दिवस त्याला हात लावू नका, फक्त पाणी बदला. मग पहिलं खाणं द्या, संध्याकाळ झाल्यावर. नाही खाल्लं तर घाबरू नका, आठवड्याने पुन्हा द्या. मोठे बॉल पायथन काही महिने न खाता राहू शकतात. पण तेवढ्यात वही काढून आकडे तपासा.

पेटी कुठे चुकते आहे ते साप वागण्यातून सांगतो. सतत पाण्याच्या भांड्यात बसून राहिला तर पेटी फार गरम किंवा फार कोरडी आहे, नाहीतर अंगावर माइट्स आहेत. कात तुकड्या-तुकड्याने निघाली, डोळ्यांवरची टोपी (डोळ्यावरच्या पारदर्शक खवल्याची जुनी कात) राहिली, तर दमटपणा कमी पडतोय. निरोगी सापाची कात डोक्यापासून शेपटीपर्यंत अखंड निघते. रात्रभर काचेवर नाक घासत राहिला तर लपणं अपुरी आहेत किंवा कुठेतरी फट सापडली आहे, दोन्ही बघा. सारखा थंड टोकाला राहिला तर गरम टोकाचा पृष्ठभाग पुन्हा मोजा. तोंड उघडून श्वास घेणं, शीळ घातल्यासारखा आवाज, नाकाशी फुगे, हे दिसलं तर पेटीत फेरफार करत बसू नका, त्याच दिवशी सरपटणारे प्राणी बघणाऱ्या पशुवैद्याकडे न्या. जाताना तापमान-आर्द्रतेची वही सोबत घ्या. ते पहिला प्रश्न पेटीबद्दलच विचारतात.